मद्यपाश, बेवडा आणि सेरोटोनिन: शब्द सुचवा

व्यसनमुक्तीवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'अल्कोहोलिझमच्या प्रकारांत सेरोटोनिनचा वाटा' या मथळ्यावरच गाडी अडली. 'मद्यपान' नको, ते लग्नाच्या पार्टीतही होतं. आणि सेरोटोनिनला पेपरवाले 'आनंदी संप्रेरक' म्हणतात, चालेल का?

प्रतिसाद: 'मद्यपाश' लिहा. या क्षेत्रात रुळलेला शब्द आहे. माणूस अडकलाय एवढंच सांगतो, शिंतोडे उडवत नाही. मूळ शब्दही डॉक्टरनेच घडवलेला, स्वीडनच्या मॅग्नस हुस यांनी, 1849 साली. 'मद्यासक्ती' कोशात शोभते, तोंडात बसत नाही.

अवांतर: बेवडा मुळात माणूस नव्हे, दारू! बे म्हणजे दोन, दुबार गाळलेली ती बेवडा. पिणाऱ्याला नाव मागून चिकटलं.

प्रतिसाद: 'आनंदी संप्रेरक' कृपया नको. संप्रेरक म्हणजे हॉर्मोन. तुमच्या पुस्तिकेत मेंदूतल्या पेशींमधला निरोप्या आहे, म्हणजे चेतापारेषक. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात असतं. नाव पडलं 1948 च्या सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँडला: रक्तातल्या सीरममध्ये सापडलं, रक्तवाहिन्यांचा टोन, म्हणजे ताण, वाढवतं, म्हणून सेरोटोनिन. आनंद कुठेच नाही.

हा नुसता शब्दच्छल नाही. 'आनंदी' म्हटलं की वाचक म्हणणार, आनंद कमी पडला म्हणून पितो, द्या गोळी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ क्लोनिंजर आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासातून दोन प्रकार मांडले. पहिला साधारण पंचविशीनंतर सुरू होणारा, परिस्थितीचा हात मोठा असलेला. दुसरा कोवळ्या वयातला, मुख्यतः बापाकडून मुलाकडे येणारा, मारामारी-पोलीस यांत सापडणारा. फिनलंडमध्ये अविचाराने हिंसा करणाऱ्या, दारूच्या आहारी गेलेल्या कैद्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर सेरोटोनिन मोडून उरणारा पदार्थ कमी निघाला. म्हणजे कमतरतेचं नातं दिसलं ते दुःखापेक्षा लगाम सुटण्याशी.

औषधांनी तर गंमतच केली. 2000 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या, सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीने सौम्य, उशिरा सुरू झालेल्या गटाचं पिणं कमी झालं, दुसऱ्याचं नाही. त्याच वर्षी ऑन्डॅन्सेट्रॉनने, हो, आपल्या घरातली उलटीची गोळीच, पण अगदी बारीक मात्रेत, लवकर सुरुवात झालेल्यांना फायदा दिसला. ती सेरोटोनिन वाढवत नाही, पेशीवरचं त्याचं एक दार अडवते. म्हणून 'वाटा'ही नको, वाटा सरळ मोजता येतो. 'भूमिका' गुळगुळीत झालाय, पण इथे तोच बरा.

मूळ प्रश्नकर्ती: मग 'मद्यपाशाच्या प्रकारांत सेरोटोनिनची भूमिका'. आणि 'इम्पल्सिव्ह'ला? उतावळा?

प्रतिसाद: आवेगी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, बाटली फोडत नाही.