घरच्या व्हिडिओंसाठी कोरी डिस्क कोणती घ्यावी?

धरमपेठकर: व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही प्रकारच्या 14 कॅसेटी संगणकावर घेतल्या आहेत. नागपुरात बर्डीच्या बाजारात सुट्या डीव्हीडी-आर मिळतात, त्या चालतील का?

सदरवाला: डीव्हीडी नकोच, भाऊ. 60 मिनिटांची कॅसेट मूळ दर्जात साधारण 13 जीबी होते. 4.7 जीबीच्या डीव्हीडीत बसवायला ती दाबावी लागेल आणि दर्जा जाईल. 25 जीबीची बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी कोरी ब्लू-रे डिस्क घ्या, एका डिस्कवर एक कॅसेट. पाकिटावर ‘एलटीएच’ दिसलं तर परत ठेवा. त्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो, ऊन-उजेडाने तो लवकर बिघडतो. साध्या बीडी-आरचा थर अजैविक असतो. ड्राइव्ह मात्र ब्लू-रे लिहिणारा हवा.

मानेवाडा: 4एक्सवर (चौपट वेगाने) लिहा, व्हेरिफाय करा, म्हणजे लिहिलेलं मूळ फाइलशी ताडून बघा. मग दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण फाइल कॉपी करून बघा. लिहिणाऱ्याच ड्राइव्हवर वाचली जाणं पुरेसं नाही. कागदी स्टिकर लावू नका, तोल जाऊन डिस्क थरथरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या वर जातो, म्हणून गच्चीखालचं लोखंडी कपाट टाळा. तळमजल्यावर, आतल्या भिंतीशी, कडक डबीत उभी ठेवा.

धरमपेठकर: म्हणजे दोन-दोन प्रतींच्या 28 डिस्क?

सदरवाला: 30 घ्या, एखादी लिहिताना वाया जाते. दुसरा संच नातेवाइकांकडे ठेवा.