झाकण किती आवळायचं?

बाळाची दुधाची बाटली गळते तर निपल बसवायचं झाकण अजून घट्ट आवळा, असं वर एका ताईंनी सुचवलंय. ताई, तसं नका करू. निपलच्या कडेला बारीक छिद्र असतं. बाळ दूध ओढतं तशी तिथून हवा आत शिरते. फार आवळलं की ती वाट बंद होते, निपल चपटं होतं अन् बाळ चोखता चोखता हवाच गिळतं.

मे महिन्यात दर्यापूरच्या एसटीत आमच्या नातीचं दुपटं चिंब झालं होतं. गरम दुधावर लगेच झाकण लावलेलं, आतल्या दाबानं दूध निपलातून उडालं. आता कोमट झाल्यावरच लावतो. छिद्रात साय अडकते, ते बोटांनी चोळून धुवायचं. बाटली उकळायची सोय नसेल तिथं मात्र वाटी-चमचाच बरा.