कुत्र्याची शी, हिरवी पिशवी आणि उचलणारे हात

पाणकणीस
परवा कुणीतरी पाठवलेली पोस्ट वाचली. बांबूचा ब्रश, तागाचा पट्टा, शी उचलायला हिरव्या 'विघटनशील' पिशव्या, एवढं घेतलं की तुमचं कुत्रं पर्यावरणस्नेही. पिशवी पुढे कुठे जाते, यावर एक ओळ नाही. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या इमारतीत कचरा न्यायला ताई येतात. जिन्याखाली बसून हाताने वेगळा करतात. गेल्या महिन्यात ओल्या कचऱ्यातली एक पिशवी त्यांच्या हातात फुटली. हातमोजा अंगठ्याशी फाटलेला होता. काही न बोलता त्यांनी नळावर हात धुतले, दोनदा, आणि मला म्हणाल्या, "तुमची नसेल, पण सगळ्यांना सांगा ना, शी वेगळी द्या." ती माझीच होती. पिशवीवर 'कंपोस्टेबल' छापलंय म्हणून मी ती ओल्यात टाकली होती.

मग शोधत बसले. आयएस १७०८८ या भारतीय मानकाची कंपोस्टेबल पिशवी कुजते ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात, तिथल्या उष्णतेत आणि ओलाव्यात. नुसती 'ऑक्सो' म्हणून विकतात ती, म्हणजे रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक, तर कुजतच नाही, तिचे बारीक तुकडे होतात. आता मी शी वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळते, वर लाल ठिपका काढते आणि सॅनिटरी कचऱ्यासारखी वेगळी हातात देते. यात विकत घ्यायचं काहीच नाही, म्हणून असल्या पोस्टमध्ये ते येत नाही.

बोक्याची आई
मुद्दा पटला, सूर नाही. पहिल्यांदाच मांजर पाळणारी एखादी मुलगी हे वाचून घाबरेल. माझे दोन बोके. मोठा चौदा वर्षांचा, किडनीचा त्रास. शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते मातीचं लिटर बदलून टोफूचं आणलं, तर आठ दिवस सगळं माझ्या गादीवर. गादी टाकून द्यावी लागली. ती गादी कुठल्या हिरव्या खात्यात धरायची?

पाणकणीस
ताई, आजारी बोक्याला त्रास द्या असं मी म्हणणार नाही. पण ती माती म्हणजे बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, आपल्याकडे कच्छ-बाडमेरकडे जमीन खोदून काढतात, आणि वापरून झाली की कायमची कचऱ्यात. धाकट्याला लाकडी पेलेट देऊन बघा, जुन्यात मूठ-मूठ मिसळत. आणि कुठलंही लिटर कमोडमध्ये नको. माती फुगून पाइप तुंबतो तो तुंबतोच, शिवाय मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा हा रोग पसरवणारा परजीवी पाण्यात जातो.

वेताळचा वाटसरू
शी-पिशवीवर एवढं लिहिलंत, आता पुण्यातल्या वेताळ टेकडीवर या. रोज सकाळी सहाला कुत्री मोकळी सोडतात. मे महिन्यात एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. खाली खडकाळ जमिनीवर तीन अंडी, चौथं फुटलेलं, आणि शेजारी एक लॅब्रॅडॉर जीभ बाहेर काढून शेपूट हलवत उभा. मालक फोनवर. टिटवी घरटं झाडावर बांधत नाही हो, उघड्यावरच अंडी घालते. मोरांची पिल्लंही जमिनीवरच वाढतात. पर्यावरणस्नेही व्हायचंय ना? पट्टा लावा. ताग असो की नायलॉन.

सोन्याचा बाबा
लॅब्रॅडॉर म्हणजे सगळेच गुन्हेगार का? सोन्याने आजवर साधी मुंगी मारलेली नाही. सोसायटीत पळायला जागा नाही, बागेत 'कुत्र्यांना प्रवेश नाही', रस्त्यावर गाड्या. कुठे न्यायचं त्याला? टेकडीवर भटकी कुत्री बाराही महिने असतात, त्यांना पट्टा कोण लावणार? आम्ही कर भरतो, लसी देतो, तरी बोलणी आम्हालाच.

वेताळचा वाटसरू
मुंगीचं राहू द्या. कुत्र्यापुढे पळून पळून मेलेला ससा कुणी मोजतं का? आणि नुसतं चावण्यापुरतं नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह गेले, तपासणीत कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू सापडला. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत दिसलाय.

सोन्याचा बाबा
गीरचे सिंह आणि माझा सोन्या एका वाक्यात! पुरे करा.

गव्हाळी
दोघंही थांबा. भटक्यांचा प्रश्न नसबंदी आणि लसीकरणाने सुटतो, मोकळ्या पाळीव कुत्र्याने नाही. सोन्याला लस आहे ना? मग भटक्यांच्या तक्रारीत त्याला लपवू नका. आणि वाटसरू, कुत्र्यांना पळायला जागा द्या, ही मागणी तुम्हीही महापालिकेकडे लावून धरा ना. नुसतं ओरडून टेकडी वाचत नाही.

बोक्याची आई
मी लिटरबद्दल विचारलं होतं. खायचं कुणीच बोलत नाही. शेजारच्या हौशी मुलाने मांजराला शाकाहारी करायचं ठरवलंय, 'कार्बन कमी' म्हणून. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं. हे आधी थांबवा.

पाणकणीस
शंभर टक्के. माझी कुत्री राणी चिकनवाल्याकडची कलेजी-पेटा आणि भात खाते. माणसं न घेणारा भाग शिजवते, त्यासाठी वेगळं जनावर कापलं जात नाही. कलेजी थोडीच, रोज नाही.

कुणी विचारायच्या आधी: शीचं खत मी कुंडीत घातलं होतं, गुलाबाच्या. परत करणार नाही. घरचा ढीग पुरेसा तापत नाही आणि जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. भाजीपाल्याला तर कधीच नको.

सोन्याचा बाबा
वर्तमानपत्र आणि लाल ठिपक्याचं उद्यापासून करतो. पट्ट्याबद्दल मी काहीही कबूल केलेलं नाही. मे-जूनमध्ये खडकाळ उतारावर बांधून नेईन, एवढंच.

वेताळचा वाटसरू
टिटवीचा हंगाम मार्च ते ऑगस्ट असतो.

सोन्याचा बाबा
बरं. ऑगस्ट.