उंदराचं डोकं घट्ट धरून त्याचं वागणं कळतं का?

चांदणी:
न्यूरोसायन्स शिकतेय. आमच्याकडे उंदराचं डोकं पट्टीला फिक्स करतात, पायाखाली फिरता बॉल, समोर स्क्रीन, बरोबर वेळी चाटलं की पाण्याचा थेंब. डेटा एकदम स्वच्छ येतो. परवा प्रयोग झाल्यावर एकाला पिंजऱ्यात सोडला तर त्याने आधी मिशा साफ केल्या मग कागदाचे कपटे तोंडाने ओढून ओढून कोपऱ्यात घरटं करत बसला, आणि एकदम वाटलं की यातलं काहीच आपल्या ग्राफमध्ये नाहीये. मग आपण मेंदू समजून घेतोय की पेटीतला मेंदू? पण नैसर्गिक म्हणजे तरी काय, आमच्या उंदरांचा हा ब्लॅक सिक्स वाण १९२१ पासून लॅबमध्येच वाढतोय, याचं रान कुठलं?

पाकोळी:
पेटीने फरक पडतोच. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग, त्यातल्या प्लेस सेल, म्हणजे प्राणी ठराविक जागी आला की फायर होणाऱ्या (सिग्नल देणाऱ्या) पेशी, न्यूरोसायंटिस्ट ओकीफनी १९७१ साली दाखवल्या, छोट्या जागेत एक सेल साधारण एकाच ठिकाणी फायर होते. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २०० मीटर लांब बोगद्यात वटवाघळं उडवली (पेपर २०२१ चा) तर त्यांची एकच सेल बोगद्यात कितीतरी ठिकाणी फायर व्हायला लागली, आणि एकच सेल जिथे फायर होते ते पट्टे काही छोटे, काही खूप लांब. खोलीत हे दिसायला जागाच नव्हती ना!

रानवाट:
पण कृत्रिम काय हेही आपण आधीच ठरवून टाकतो. चाकात पळणं म्हणजे पिंजऱ्याचा परिणाम असं बरेच जण धरून चालायचे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चाक उघड्यावर ठेवलं तर रानातले उंदीर आपणहून येऊन पळाले, खाणं ठेवणं बंद केलं तरी येत राहिले. बेडूकसुद्धा चढले त्यावर.

दगडफूल:
मला तर रान विरुद्ध लॅब हे भांडणच पटत नाही. प्राण्यांचं वागणं अभ्यासणाऱ्या टिनबर्गनचा प्रयोग बघ, वाळूत बीळ करणारी गांधीलमाशी, तिच्या बिळाभोवती त्यांनी पाइनच्या बोंडांचं कडं मांडलं, ती शिकारीला गेल्यावर कडं थोडं बाजूला सरकवलं, आणि ती परत आली ती थेट कड्याच्या मधोमध उतरली, बीळ शेजारीच आणि तिला सापडेना. हा पूर्ण कंट्रोल्ड प्रयोग आहे, फक्त प्रश्न माशीचा स्वतःचा आहे, माझं घर कुठंय. तुमच्या बॉलवरच्या उंदराला पडलेला प्रश्न कोणाचा, त्याचा की तुमचा, हे आधी बघ. आणि घरटं करतानाच रेकॉर्डिंग करता येईल का विचार गाईडना.

चांदणी:
विचारलं, हो म्हणाले!! रात्री इन्फ्रारेड कॅमेरा लावलाय. पहिल्याच व्हिडिओला अडकले, घरटं करायला सुरुवात कधी झाली असं लिहायचं, त्याने पहिला कपटा उचलला तेव्हा, की त्याआधी तो दोनदा तोच कोपरा हुंगून आला तेव्हा?