कराटेला जोड हवी तर ज्युडोची, बॉक्सिंगची नव्हे: पटतंय का?

म्हापशाचा शोतोकानवाला

शाळेत असल्यापासून शोतोकान ही कराटेची शैली करतोय, आता क्लासात लहान मुलांना हेयान काता, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या झाल्यात, त्यात दुसरी एखादी कला शिकायचं ठरवलंय. ज्याला विचारावं तो म्हणतो बॉक्सिंग घे, नाहीतर किनाऱ्यावर जाऊन मुए थाय, म्हणजे थाई किकबॉक्सिंग, कर. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून वाद मुद्दामच उकरून काढतोय.

लाथा-बुक्क्या आपल्याकडे आहेतच की. नाही ते एवढंच, की समोरच्याने शर्ट धरल्यावर पुढे काय करायचं. कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, दोघं एकमेकांना बिलगले की पंच 'यामे' (थांबा) म्हणतो आणि सोडवतो. खरी मारामारी मात्र तिथूनच सुरू होते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पार्किंगवरून जुंपते तेव्हा बघा. पहिल्या धक्क्यानंतर कुणी झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून ऐटीत, उभा राहत नाही, कॉलर धरून ओढाओढी चालू होते. त्या हातभर अंतरात ज्युडोवाला घरच्यासारखा वावरतो आणि आपण बावचळतो.

दुसरं म्हणजे उकेमी, म्हणजे पडायचं कसं ते. आमच्या क्लासात हे कुणी धड शिकवलंच नाही. मारामारी आयुष्यात होईल न होईल, पण पावसाळ्यात चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून गोंयचा माणूस कधी ना कधी घसरतोच.

आणि 'परक्याची कला कशाला' म्हणणाऱ्यांसाठी: शोतोकानचे जनक फुनाकोशी 1922 साली ओकिनावाहून टोकियोला आले, तेव्हा ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युडो शाळेत प्रात्यक्षिकाला बोलावलं होतं. आपला पांढरा गी, म्हणजे सरावाचा पोशाख, आणि ब्लॅक बेल्टच्या दान पदव्या ज्युडोवरूनच आल्या. ज्युडो 1882 चा, कराटेतले पहिले दान 1924 चे. तेव्हा कमरेला पट्टा बांधून शुद्धतेच्या गप्पा नकोत.

बोला आता.

पणजीचा ठोसेबाज

कॉलर धरेपर्यंत तू शुद्धीवर असशील हे कुणी सांगितलं?

चेष्टा सोड. आमच्याकडे कराटेची मुलं येतात, त्यांचं पहिलं स्पारिंग मी बघतो. ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, सुरेख मारतात, अंतर झपकन कापतात, यात वाद नाही. पण मारून झाल्यावर हात गालाजवळ यायच्या ऐवजी सवयीने कमरेकडे जातो. हनुवटी वर, गाल उघडा. तेवढ्यात बाजूने हुक, म्हणजे वळवून मारलेला ठोसा, येतो आणि तो त्यांना दिसतच नाही, कारण त्यांच्या कुमितेत हुक फारसा कुणी मारत नाही. ठोसा लागल्यावरचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. दुखल्यापेक्षा जास्त अपमान झालेला असतो!

तुमच्या क्लासात तोंडाच्या आधी ठोसा थांबवायला शिकवतात. शिस्त म्हणून उत्तम आहे. पण तोंडावर खाल्ल्यावर डोळे उघडे ठेवायचे आणि पाय हलते ठेवायचे, हे खाल्ल्याशिवाय येत नाही. पकडीच्या आधी ठोसा येतो, म्हणून आधी तो शीक. खर्च म्हणशील तर ग्लोव्हज, हाताला बांधायच्या पट्ट्या आणि माउथगार्ड, बस. माउथगार्डला मात्र कंजुषी करू नकोस.

सत्तरीतला गोजू-र्यू

दोघांचंही वाचलं. मुलांनो, घरात विहीर असताना शेजाऱ्याकडे कळशी घेऊन निघालात.

शोतोकानवाल्याने हेयान योनदानचा, म्हणजे चौथ्या हेयान कातेचा, शेवट आठवावा. दोन्ही हात वर जातात, काहीतरी धरतात, खाली ओढतात आणि गुडघा वर येतो. ते 'काहीतरी' म्हणजे समोरच्याचं डोकं. मुलांकडून हे हवेत करून घेता आणि मग कराटेत पकड नाही म्हणता? कमरेकडे जाणारा जो हात ठोसेबाजाला खुपतोय त्याला हिकिते म्हणतात. तो रिकामा परत येण्यासाठी नाहीच. धरलेलं मनगट किंवा बाही ओढत आणण्यासाठी तो आहे. रिकामा आणला तर गाल उघडा पडणारच, त्यात कातेचा काय दोष? खुद्द फुनाकोशींनी 1935 च्या आपल्या ग्रंथात नऊ फेकी दिल्या आहेत. आमच्या गोजू-र्यू या कराटेच्या शैलीत काकिए आहे: मनगटाला मनगट लावून ढकलायचं, ओढायचं, समोरच्याचा तोल कुठे जातो ते हातातून ओळखायचं. दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत ना? जोडीदार घे आणि येणाऱ्या कातांचं बुंकाई कर, म्हणजे त्यातली प्रत्येक हालचाल माणसावर लावून बघ. ब्लॅक बेल्ट लागला की शिकून झालं असं वाटायचा हल्ली रोगच आलाय.

म्हापशाचा शोतोकानवाला

सर, तुमचा मान राखून बोलतो. हिकिते पटलं, आणि ठोसेबाजालाही ते उत्तर चोख आहे. पण किती क्लासांत हे कुणी जोर लावून करतं? आमच्याकडे बुंकाई म्हणजे जोडीदार एक ठोसा मारून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि आपण त्याच्यावर चार तंत्रं करतो. तो ओढत नाही, सोडवून घेत नाही. ज्युडोत रांदोरीला, म्हणजे मोकळ्या सराव लढतीला, समोरचा सतत तुम्हाला पाडायच्या खटपटीत असतो. फेक कागदावर असणं वेगळं आणि न पडायची शपथ घेतलेल्या माणसाला पाडणं वेगळं.

आणि ओत्सुकांचं काय? शिंदो योशिन-र्यू जुजुत्सू, म्हणजे पकडी आणि फेकींची जुनी जपानी कला, शिकलेला हा माणूस फुनाकोशींकडे आला आणि त्यातून 1934 साली वाडो-र्यू ही कराटेची शैली उभी राहिली. त्यांनी विहिरी मोजल्या नाहीत.

सत्तरीतला गोजू-र्यू

पुतळ्यासारखा उभा राहणारा जोडीदार बदल. कला बदलायची गरज नाही. ओत्सुकांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते आधी एका कलेत मुरले होते, मग दुसरीकडे गेले.

वास्कोतला कोल्हापूरकर

ज्युडो की बॉक्सिंग यावर एवढं रामायण, आणि कुस्तीचं नावच नाही? 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं ते काय जाकीट धरून?

मुद्दा साधा आहे. ज्युडोच्या निम्म्या पकडी गीच्या जाड कापडावर. गोव्यात एप्रिलमध्ये जाकीट कोण घालतो ते दाखवा. इथे माणूस सापडणार टी-शर्टात, नाहीतर बनियनवर. टी-शर्ट धरून फेकायला गेलात तर टी-शर्ट तुमच्या हातात आणि माणूस त्याच्या घरी. कुस्तीत मान, मनगट, कंबर, पाय धरतात, आणि ते कुणी घरी विसरून येत नाही. शिवाय ज्युडोच्या स्पर्धेत पाय धरायला 2010 पासून आवळत आणून 2013 ला बंदीच घातली. म्हणजे सरळ पाय धरून पाडायचा, पट काढायचा डावच गेला. मिश्र मार्शल आर्ट्सचा विजेता जॉर्ज सेंट-पिएर बघा. पाया क्योकुशिन कराटेचा, पण माणसं पाडली ती कुस्तीच्या जोरावर.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. इकडे तालीम शोधायची कुठे? मातीचा वास आठवून मी वास्कोत जिममध्ये दोरीच्या उड्या मारतो.

फोंड्याची फिजिओ

सगळे दादा मारामारी जिंकायला निघालेत, सोमवारी ऑफिसला कसं जायचं ते कुणीच बोलत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांवरून सांगते: ज्युडो-कुस्तीवाले गुडघा आणि खांदा घेऊन येतात, बोटं तर विचारूच नका. बॉक्सिंगवाले क्वचित येतात, कारण डोक्याला बसलेला मार फिजिओला दाखवायचा नसतो. तो साठत जातो. तिशी ओलांडलेल्या, पोटापाण्यासाठी डोकं वापरणाऱ्या माणसाला दर आठवड्याला जोरदार स्पारिंग करायला मी तरी सांगणार नाही.

मी स्वतः कराटेसोबत ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पडून पकडीने लढायची कला, करते, आणि माझं मत तिकडे आहे. तुमचे वाद उभ्या माणसांचे आहेत. बाईच्या डोक्यातली भीती वेगळी असते: कुणी अंगावर आलं आणि मी खाली असले तर? कराटेच्या क्लासात यावर मला कधी समाधानकारक उत्तर मिळालं नाही. जिउ-जित्सूत दुप्पट वजनाचा माणूस छातीवर असताना आधी श्वास घ्यायला शिकवतात. मग कोपर आत, कंबर सरकवायची, गुडघा मधे घालायचा. जोर लावून उठायला गेलं की दमछाक होते, सरकत गेलं की वाट मिळते. लियोटो माचिदा तुम्हा शोतोकानवाल्यांचा लाडका ना? 2009 ला यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेचा विजेता झाला तो. त्याच्याकडेही जिउ-जित्सूचा ब्लॅक बेल्ट आहे.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत गादी वाळत नाही. रोज पुसली नाही तर गजकर्ण ठरलेलं. क्लास निवडताना शिक्षकाचे बेल्ट नंतर बघा, आधी गादीचा वास घ्या. आणि घरी गेल्या गेल्या आंघोळ. जेवून मग नाही!

पणजीचा ठोसेबाज

डोक्याच्या मुद्द्यावर ताई बरोबर आहेत. म्हणून हलकं, तंत्राचं स्पारिंग करणारा कोच शोधावा लागतो, ते मान्य. पण डोक्याला धोका आहे म्हणून डोकं वाचवायलाच शिकायचं नाही, हे काही मला झेपत नाही.

हरमलचा

मूळ लेखकाने 'किनाऱ्यावर जाऊन मुए थाय' असं नाक मुरडून लिहिलंय म्हणून येतो. सरांनी सांगितलेला तो हेयान योनदानचा शेवट, डोकं धरून गुडघा, आम्ही रोज समोरच्या माणसावर करतो, आणि तो आमच्यावर करतो. तुझी पकड पण आली, मार पण आला. आणखी एक: तुम्ही आडवे उभे राहता, पुढचा पाय लांब. त्या पोटरीवर चार लो किक बसल्या की तुमचं ते झपकन अंतर कापणं विसरा.

म्हापशाचा शोतोकानवाला

नाक मुरडलं ते कलेला नाही, सीझनला. तुमच्याकडचे निम्मे कोच मे आला की विमानात बसतात आणि ऑक्टोबरला उगवतात. मधे मी काय करू, नारळाच्या झाडाला लाथा मारू? आणि म्हापशाहून हरमलला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन माझी अर्धी ताकद स्कूटरवरच जाणार. आठवड्यातून दोनदा, वर्षभर जाता येईल अशीच जागा मला हवी.

हरमलचा

सगळे जात नाहीत. आमचे सर पेडण्याचेच आहेत, पावसातही शेडखाली चालू असतं. पण ट्रॅफिकला माझ्याकडे उत्तर नाही.

डिचोलीची आई

मधेच विचारते, माफ करा. मुलगा दहा वर्षांचा, ग्रीन बेल्ट. सोबत ज्युडोला घालू का? शाळेच्या मैदानावर रोज पडून येतो, निदान नीट पडायला शिकेल.

सत्तरीतला गोजू-र्यू

बाई, याला माझी हरकत नाही. या वयात पडायला शिकणं म्हणजे खेळच. माझा आक्षेप दर सहा महिन्यांनी कला बदलणाऱ्या मोठ्यांना आहे. फक्त परीक्षा आणि स्पर्धा दोन्हीकडच्या नकोत, पोराचे रविवार संपतील.

म्हापशाचा शोतोकानवाला

म्हणजे सरांनी ज्युडोला परवानगी दिली! नोंद घ्यावी.

माझं मत बदललेलं नाही, फक्त थोडं सरकलंय. कोल्हापूरकरांचा टी-शर्ट डोक्यातून जात नाही, त्यामुळे ज्युडोत गेलो तरी कापड न धरता, मनगट आणि मानेवर काय काय लागतं ते कोचला पहिल्याच दिवशी विचारणार. सोमवारी म्हापशात पेडेच्या क्रीडा संकुलात आणि पणजीत कांपालला चौकशी करतो, बॅच कुठल्या वेळेला असतात आणि मोठ्यांना घेतात का ते. पुष्कळ ठिकाणी फक्त शाळेची मुलं घेतात. तसं निघालं तर ताईंचं जिउ-जित्सू, गादीचा वास घेऊन.

बॉक्सिंग नाही म्हणजे नाही.

पणजीचा ठोसेबाज

मग रविवारी सकाळी ये. ग्लोव्हज मी देतो, हलक्या हाताने खेळू. तू माझी कॉलर धरून दाखव.

म्हापशाचा शोतोकानवाला

येतो. पण तू टी-शर्ट जुना घाल.