सततचा थकवा, अंगदुखी: आणखी काय तपासून घेऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बरेच महिने झाले, रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखं असतं. पिंढऱ्या ठणकतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. ताप नाही, सांध्यांना सूज नाही.

रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व १२ (२० च्या खाली म्हणजे कमतरता), त्याची आठवड्याला एक गोळी सुरू झालीय. हिमोग्लोबिन, थायरॉईड नॉर्मल. घोळ बी-१२ चा आहे: २४०, म्हणजे धड कमी नाही, धड पुरेसं नाही. मी मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेते आणि त्याने बी-१२ घटू शकतं. मग २४० वर गप्प बसायचं, की मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी (बी-१२ खरंच कमी पडतंय का, हे दाखवणारी) करायला सांगायचं? हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी असू शकतं, पण ते कुणी तपासलेलंच नाही. शिवाय कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे, त्यानेही काहींचे स्नायू दुखतात. ती मनाने बंद करणार नाही, डॉक्टरांना विचारणारच आहे.

घरचे म्हणतात, वय झालं. चाळिशीत?

कुणाचं असंच होतं का? नेमकं कारण काय निघालं? आणि ड च्या गोळ्यांनी दुखणं कमी व्हायला साधारण किती वेळ लागला?