ग्रुपवरचा वाद : टीका करणाऱ्या कलेत खोली असते का?

सुमनआत्या: सकाळपासून इथे त्या टेपने चिकटवलेल्या केळ्याचे फोटो येतायत, २०२४ च्या लिलावात म्हणे ६२ लाख डॉलर. आणि रोहन या असल्या कलेला समाजावरचं भाष्य म्हणतो. खोली कुठे आहे त्यात? मनापासून विचारतेय.

रोहन: आत्या तू दोन गोष्टी एकत्र करतेयस, मी केळ्याबद्दल नाही, चिनी कलाकार आय वेईवेईबद्दल बोललो होतो

बापूकाका: ते केळं घेणाऱ्याने खाल्लं. विषय संपला 😂

रोहन: काका प्लीज. चीनमधल्या २००८ च्या सिचुआन भूकंपात शाळा कोसळल्या, गेलेल्या मुलांची नावं सरकार सांगेना, तर वेईवेईने स्वयंसेवक पाठवून ५ हजारांवर नावं गोळा केली. पडलेल्या इमारतींच्या वाकड्या सळया मिळवून, शंभराहून जास्त टन, हातोडीने ठोकून ठोकून सरळ करून घेतल्या आणि मांडल्या

सुमनआत्या: वाचून डोळ्यात पाणी आलं रे. पण ते भूकंपामुळे की कलेमुळे? बातमी वाचूनही आलंच असतं

मीनावहिनी: आत्या, बातमी दुसऱ्या दिवशी जुनी होते. मुलं परत येणार नाहीत हे माहीत असून एकेक सळई सरळ करत बसायचं, हे बातमीत कुठून येणार?

अशोकमामा: शनिवारचं कोणीच काही बोलत नाहीये

बापूकाका: आणि तो भिंतींवर चित्रं काढणारा बँक्सी? २०१८ ला लिलावातच चित्र अर्धं फाडलं, बाजाराची खिल्ली म्हणून, १० लाख पौंडांचं होतं. २०२१ ला तेच फाटकं १ कोटी ८५ लाखांना गेलं! शिव्या घालाल तेवढा भाव वाढतो

सुमनआत्या: हेच मी म्हणतेय. खोली कुठे आहे?

रोहन: बँक्सीचं मान्य. पण १९७१ ला हान्स हाके या कलाकाराने न्यूयॉर्कच्या एका घरमालकाच्या इमारतींचे साधे फोटो आणि सरकारी नोंदी मांडल्या, एक घोषणा नाही की काही नाही, तरी तिथल्या गुगनहाइम संग्रहालयाने प्रदर्शनच रद्द केलं

सुमनआत्या: घाबरले म्हणजे खोल? पत्रकालाही घाबरतात लोक

मीनावहिनी: हे मात्र खरंय. पण पत्रक काय वाटायचं ते सांगून टाकतं, हा सांगत नाही, तुम्हीच नोंदी वाचत जाता आणि मालक कोण ते तुम्हाला कळत जातं

अशोकमामा: शनिवारचं???

मीनावहिनी: मामा, तुम्हाला वेगळा मेसेज केलाय कालच

अशोकमामा: ग्रुपवर विचारलेलं ग्रुपवर सांगावं. मागच्या वेळीही हेच झालं होतं. असो.

सुमनआत्या: रोहन, त्या सळयांचे फोटो मोठे पाठव, नावांची यादी असेल तर तीही. बघून मग बोलते. विषय गंभीर घेतला की कला आपोआप खोल होते हे मात्र मला पटत नाही

रोहन: मलाही नाही पटत आत्या. पाठवतो

अशोकमामा: शनिवार??